रिफ्युजियममध्ये छोटा मासा सोडावा, की ते पॉड्ससाठीच राखावं?

रिफ्युजियम म्हणजे समुद्री माशांच्या टाकीला जोडलेल्या सम्पमधला (खाली ठेवलेल्या छोट्या टाकीतला) उजेडाचा कप्पा. तिथे पाणी साफ ठेवायला चेटो नावाचं तंतुमय शेवाळ वाढवतात आणि त्यात पॉड्स, म्हणजे माशांचं खाणं होणारे बारीक जीव, वाढतात. चेटोचा गोळा कप्प्यात फिरायला लागला आणि काचेवर पॉड्स दिसायला लागले, की हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतोच. खाली सम्पमध्ये एवढी शांत, उजेडाची जागा पडून आहे, तिथे एखादा गोबी (छोटा तळाशी बसणारा मासा) सोडला तर काय बिघडलं? मी दोन्ही प्रकारे टाकी चालवली आहे. आधी रिफ्युजियममध्ये पिवळा क्लाऊन गोबी होता, आता तो कप्पा बिनमाशाचा आहे. वर मुख्य टाकीत सॉफ्ट कोरल, क्लाऊनफिशची जोडी, एक डॅमसेल मासा आणि एक मँडरिन (पॉड्स टिपून जगणारा मासा). हे आधीच सांगतो, कारण तुमच्याकडे मँडरिन नसेल तर निर्णय थोडा वेगळा होऊ शकतो.

मासा सोडण्याच्या बाजूने बरंच बोलता येईल. क्लाऊन गोबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. दांडगा डॅमसेल त्याला घासापाशी फिरकू देत नाही. ज्यांच्याकडे ॲक्रोपोरा (फांद्यांचं कठीण कोरल) आहे त्यांची तक्रार उलटी असते: अंडी घालायच्या दिवसांत हाच गोबी फांदीवरचे पॉलिप (कोरलचे बारीक जीव) कुरतडून जागा साफ करतो. दोन्ही कारणांनी त्याची रवानगी खाली होते, आणि खाली तो खरंच सुखात राहतो. पाणी तेच, तापमान तेच, मागे लागणारं कुणी नाही. चेटोवर पंख टेकून बसलेला, डोळे गरगर फिरवत एकेक पॉड टिपणारा तो पिवळा जीव बघत बसावंसं वाटतं. रिफ्युजियमचा दिवा आपण रात्री लावतो, पीएच फार घसरू नये म्हणून. त्यामुळे त्याचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो आणि खाणंही झोपायच्या आधी द्यावं लागतं. त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

एवढ्या छोट्या माशाच्या खाण्याने नायट्रेट (खाणं आणि विष्ठेतून पाण्यात साचणारं द्रव्य) किती वाढणार, असंही विचारतात. माझ्या अनुभवात फारसं नाही. चेटो चांगलं वाढत असेल तर तेवढं ते ओढून घेतं. त्या कारणासाठी तरी मी कुणाला अडवणार नाही.

पॉड्सचं मात्र तसं नाही. बिनमाशाच्या रिफ्युजियमचा दिवा बंद झाल्यावर टॉर्च मारून पाहा. काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसतात आणि चेटोच्या बुडाशी ॲम्फिपॉड्स (थोडे मोठे पॉड्स) उड्या मारत असतात. गोबी असताना ॲम्फिपॉड्स होते, कारण मोठे त्याच्या तोंडात मावत नसत, पण काचेवरचे ठिपके विरळ होत गेले. मी मोजदाद केलेली नाही. पण मँडरिनकडे पाहून कळायचं. तो दिवसभर टिपत फिरणारा मासा, पॉड्स कमी पडले की पोट आत जातं आणि पाठीची कड वर दिसायला लागते. गोबी हलवल्यावर काही आठवड्यांत त्याचं पोट पुन्हा भरलेलं दिसलं. दुसरंही कारण असू शकेल, पण मला तरी तेवढा पुरावा पुरला.

तरीही निर्णय पॉड्समुळे झाला नाही. झाला तो चेटोच्या छाटणीमुळे.

बिनमाशाच्या रिफ्युजियमची छाटणी पाच मिनिटांचं काम आहे. गोळा उचलायचा, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत दोनदा खळबळायचा, अर्धा तोडून काढायचा, उरलेला परत सोडायचा आणि बादलीत झडलेले पॉड्स कप्प्यात ओतायचे. गोबी असला की हेच काम नकोसं होतं. हात आत गेला की तो बाहेर पळत नाही, गोळ्यात आणखी खोल शिरतो. चेटोचे तंतू राठ, एकमेकांत गुंतलेले. क्लाऊन गोबीच्या अंगावर खवले नसतात, नुसता बुळबुळीत थर असतो. पिळवटलेल्या गोळ्यात तो सापडला तर खरचटणारच. म्हणून बादलीशी बसून गोळा बोटांनी झुबक्याझुबक्याने सोडवायचा, प्रत्येक झुबका उजेडात धरून पाहायचा, आणि काढलेलं चेटो टाकण्याआधी पुन्हा एकदा तपासायचं. एवढं करूनही तो नेमका शेवटच्या मुठीत निघायचा, आणि तोवर माझा जीव टांगणीला.

साहजिकच छाटणी लांबणीवर पडत गेली. मग गोळा घट्ट होतो, आतल्या भागाला उजेड मिळत नाही, तो पांढरा पडून कुजतो आणि चेटोने शोषलेलं सगळं परत पाण्यात उतरतं. ज्या कामासाठी रिफ्युजियम मांडलं तेच बिघडायला लागतं. मासा गोड होता, पण त्याच्यापायी कप्प्याचं मुख्य काम मागे पडत होतं, आणि तिथेच माझं पारडं झुकलं.

वीज जाण्याचाही विचार करा. आमच्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज गेली की मुख्य टाकीत बॅटरीवरचा एअर पंप चालू करतो. खालच्या कप्प्यात प्रवाह थांबलेला, दिवा बंद, आणि अंधारात चेटो स्वतःच ऑक्सिजन वापरतं. पॉड्स ते बऱ्यापैकी सोसतात. माशासाठी तिथे दुसरा एअर स्टोन लागतो. शिवाय पार्टिशनवरून मासा पाणी वर ढकलणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून जाळी लावायची आणि ती तुंबू नये म्हणून सारखी घासायची.

रिफ्युजियमला दवाखाना समजून आजारी मासा तिथे ठेवणार असाल, तर ते मात्र करू नका. पाणी एकच असल्याने पांढरे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी वर जाणारच, आणि तांब्याचं औषध घालता येत नाही, कोरल आणि पॉड्स दोन्ही मरतील. औषधोपचाराला वेगळीच टाकी हवी. समुद्री घोडा किंवा पाइपफिश ठेवायची कल्पनाही सुचते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना २००१ पासून संरक्षण आहे, तेव्हा तो विषय सोडलेलाच बरा.

नुसता मार खाणारा मासा वाचवायचा असेल, तर मुख्य टाकीतच काचेला लटकवायची छिद्रांची पेटी जास्त सोयीची पडते. दांडग्याला पेटीत ठेवून बाकीच्यांना जागा धरू द्यायची. माझा गोबी वर गेला तो असाच, डॅमसेलला काही दिवस पेटीत ठेवून.

एका बाबतीत मात्र मी माशाच्या बाजूने आहे: बांगाई कार्डिनलची पिल्लं. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपासचा हा मासा २००७ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे, त्यामुळे घरी वाढलेलं प्रत्येक पिल्लू मोलाचं. नर अंडी आणि मग पिल्लं मिळून महिनाभर तोंडात सांभाळतो. बाहेर पडणारी पिल्लं लगेच पॉड्स किंवा नुकतं उबलेलं आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव) खाण्याइतकी मोठी असतात. त्यांना आडोसा आणि खाणं दोन्ही चेटोत मिळतं, आणि काही आठवडे छाटणी थांबवली तर बिघडत नाही. पिल्लं मोठी झाली की हलवायची आणि कप्पा पुन्हा पॉड्सना द्यायचा.

आधीच गोबी सोडला असेल आणि काढायचा असेल, तर जाळं घेऊन मागे लागू नका. रिफ्युजियमचा दिवा बंद होऊन तासभर झाला की तो एका जागी बसतो. आधी चेटो अलगद दोन हातांत धरून पाण्यातच झटका, मग बादलीत काढा आणि तिथेही पाहा. मोकळ्या कप्प्यात तो बहुतेक कोपऱ्यातल्या काचेला चिकटलेला सापडेल. तिथे एक पारदर्शक भांडं त्याच्यापुढे धरा आणि मागून बोटाने हळूच ढकला.