अपेक्षाभंगाचं इंग्रजी : चार डिक्शनऱ्यांची परीक्षा

"माझी निराशा झाली" या वाक्यात चूक कोणाची, हे मराठी सांगत नाही. निराशा आपली 'होते', कर्ता गुलदस्त्यात. इंग्रजीत तशी सूट नाही. 'डिसअपॉइंटेड' म्हटलं की पुढे बहुतेकदा इन, विथ, ॲट, बाय यांपैकी काहीतरी येतं आणि दोष कुठे बसवायचा ते त्या दोन-तीन अक्षरांत ठरतं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश पारखायचा तर हीच नोंद उघडून पाहावी. अर्थ सगळेच देतात, प्रश्न त्यापुढच्या मदतीचा आहे.

इथे चार कोश घेतले आहेत : ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन कंटेम्पररी, केंब्रिज आणि कॉलिन्स कोबिल्ड. चारही वेबसाइटवर फुकट पाहता येतात.

ऑक्सफर्ड यातला सर्वांत जुना. हॉर्नबी यांनी तो जपानमध्ये इंग्रजी शिकवताना रचला, ऑक्सफर्डनं 1948 साली आणला आणि 2020 मध्ये त्याची दहावी आवृत्ती निघाली. 'डिसअपॉइंटेड'च्या नोंदीत तो बाजी मारतो, कारण कोणतं अव्यय लागतं ते उदाहरणाच्या आधी ठळक अक्षरांत छापलेलं असतं. "डिसअपॉइंटेड विथ द रिझल्ट" म्हणजे निकाल मनासारखा नाही. "डिसअपॉइंटेड इन यू" म्हणजे आपलं नेहमीचं "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." या दोहोंत बरंच अंतर आहे. माल खराब आला म्हणून पुरवठादाराला "वी आर डिसअपॉइंटेड इन यू" असं लिहिलं, तर हेडमास्तरांनी पोराला केबिनमध्ये बोलावल्यासारखं वाटतं. तिथे "डिसअपॉइंटेड विथ द क्वालिटी" पुरे. तक्रार मालावर राहते, माणूस दुखावत नाही. हा सामाजिक फरक मात्र ऑक्सफर्डही उलगडून सांगत नाही, तो उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवून आपल्याला ताडावा लागतो.

ऑक्सफर्डची दुसरी जमेची बाजू व्युत्पत्ती. 'डिसअपॉइंट'चा जुना अर्थ 'पदावरून काढणे'. 'अपॉइंट'ची नेमणूक आठवली की शब्द कायमचा डोक्यात बसतो आणि स्पेलिंगमधला गोंधळही मिटतो : एस एकच, पी दोन. आपल्याकडे नेमका उलटा प्रकार लिहिला जातो.

कोबिल्डची गोष्टच निराळी. 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला, संगणकात साठवलेल्या खऱ्या इंग्रजी मजकुरावरून. त्यात व्याख्या सुटी नसते, अख्खं वाक्य असतं : अमक्यानं तुम्हाला 'लेट डाऊन' केलं, तर त्यानं जे करायला हवं होतं ते केलं नाही, अशा धाटणीचं. मराठी माणसाला याचा फायदा सर्वांत जास्त, कारण कर्ता कोण आणि कर्म कोण हे व्याख्येतच दिसतं. "आय लेट यू डाऊन" यात 'मी' गुन्हेगार आहे. मराठीत हेच आपण "मी कमी पडलो" असं म्हणतो, आणि मग त्याचं "आय फेल लेस" होतं. 'कमी पडणे'ला इंग्रजीत जवळचे दोन पर्याय आहेत : माणसाच्या बाबतीत "आय लेट देम डाऊन" किंवा "आय फेल्ड देम", आणि कामगिरीच्या बाबतीत "इट फेल शॉर्ट ऑफ एक्स्पेक्टेशन्स" (हे 'फेल' म्हणजे 'फॉल'चा भूतकाळ, नापासवालं नव्हे). कोबिल्डची वाक्यं वाचली की ही विभागणी आपोआप कळते. तोटा एवढाच की फोनवर व्याख्या लांबलचक वाटते. घाईत अर्थ हवा असेल तर चिडचिड होते.

'फेल' ही या परीक्षेतली सर्वांत अवघड नोंद. शाळेमुळे आपल्याला 'नापास' एवढंच ठाऊक. त्यामुळे "ही फेल्ड मी" यात मास्तरांनी नापास केलं की जिवलगानं ऐन वेळी वाऱ्यावर सोडलं, ते संदर्भाशिवाय कळत नाही. पुढे 'फेल टू' येतं. बँकेच्या किंवा वीजबिलाच्या पत्रातलं "इफ यू फेल टू पे" म्हणजे 'न भरल्यास'. प्रयत्न करून अपयश आलं, असं त्यात अजिबात नाही. आणि "शी नेव्हर फेल्स टू कॉल" म्हणजे ती हमखास फोन करते. 'नेव्हर' आणि 'फेल' एकत्र दिसले की वाचणाऱ्याची हटकून फसगत होते. चारही कोश हे अर्थ वेगवेगळे क्रमांक देऊन दाखवतात. पण लोक पहिला अर्थ वाचून थांबतात, हा दोष कोशांचा नाही.

लाँगमन पहिल्यांदा 1978 मध्ये आला. सुमारे 2000 सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या बसवायच्या, हा त्याचा नियम. त्यामुळे अर्थ शोधताना दुसरा कोश उघडावा लागत नाही. वेबसाइटवर शब्दांबरोबर उदाहरणवाक्यंही ऐकता येतात, आणि 'लेट डाऊन'साठी ते फार उपयोगी. क्रियापद म्हणून बोलताना जोर 'डाऊन'वर येतो, 'अ लेटडाऊन' हे नाम असेल तर 'लेट'वर. जोर चुकला तर ऐकणारा अडखळतो.

लाँगमन आणि ऑक्सफर्डमध्ये अशा क्रियापदांत दुतोंडी बाण दिसतो. कर्म मधे किंवा शेवटी, कुठेही चालतं, अशी ती खूण. "लेट द टीम डाऊन" चालतं, "लेट डाऊन द टीम"ही चालतं. सर्वनाम मात्र मधेच हवं : "लेट मी डाऊन". "लेट डाऊन मी" ही आपल्याकडची सर्रास चूक, आणि नुसता बाण पाहून ती टळत नाही. नोंदीतली उदाहरणं वाचावी लागतात. त्याच नोंदीत कपड्याची दुमड सोडून उंची वाढवणं, ब्रिटिश इंग्रजीत टायरची हवा काढणं असे अर्थही भेटतात. शिवाय दुग्धव्यवसायाच्या पुस्तकांत दिसणारं 'लेट-डाऊन' म्हणजे गाय पान्हा सोडते ते. त्यात अपेक्षाभंग कुठेच नाही, उलट अपेक्षापूर्तीच आहे!

केंब्रिजवर शब्दाशेजारी ए-1 ते सी-2 अशी पातळी लिहिलेली असते. शिक्षकांना ती सोयीची. मराठी प्रतिशब्दही मिळतात, पण एका शब्दाला एक शब्द असा हिशेब या विषयात टिकत नाही. 'हिरमोड', 'भ्रमनिरास', 'अपेक्षाभंग' आणि 'तोंडघशी पडणे' यांना एकाच 'डिसअपॉइंटमेंट'च्या खुंटीवर टांगता येत नाही. सहल रद्द झाल्यावर पोरांचा हिरमोड होतो, तिथे 'डिसअपॉइंटेड' ठीक. नेत्यावरची श्रद्धा उडते तो भ्रमनिरास, त्याला 'डिसइल्यूजन्ड'. आपण त्याच्या भरवशावर चारचौघांत शब्द दिला आणि तो आलाच नाही, तर आपण तोंडघशी पडतो. तिथे 'लेट डाऊन'सुद्धा सौम्य वाटतं, "लेफ्ट मी इन द लर्च" जास्त जवळ जातं. आणि 'फ्रस्ट्रेटेड' हा या घरातला शब्दच नव्हे. त्यात अडथळ्यामुळे होणारा वैताग असतो. आपल्याकडे तो प्रत्येक दुःखाला लावतात.

एक्स्पेक्टेशन्ससोबत कोणतं क्रियापद जातं, ते पाहायला पुन्हा ऑक्सफर्डकडे यावं. 'मीट', 'लिव्ह अप टू', 'कम अप टू', 'फॉल शॉर्ट ऑफ' हे बरोबर. "स्टँड अप टू माय एक्स्पेक्टेशन" हे आपलं देशी कलम. 'स्टँड अप टू' म्हणजे एखाद्याला तोंड देणं. शब्द अनेकवचनी ठेवावा, हेही लक्षात असू द्या. गंमत अशी की मराठीत माणूस अपेक्षेला 'उतरतो', इंग्रजीत तिथवर 'अप' चढतो. बहुतेक म्हणूनच तर्जुमा करताना पाय घसरतो.

शैलीची लेबलं चौघेही देतात, ती वगळू नका. 'गटेड' म्हणजे पार खचलेला, पण ते ब्रिटिश आणि बोलीतलं, अर्जात नको. शिवाय आपल्या वर्तमानपत्रांत 'गटेड' होतात ती आगीत खाक झालेली दुकानं. 'डॅम्प स्क्विब'ही ब्रिटिशच. सर्दळलेला फटाका, म्हणजे आपला फुसका बार, शब्दाला शब्द जुळणारा. कित्येक इंग्रजसुद्धा चुकून 'डॅम्प स्क्विड' म्हणतात, म्हणजे ओला माकूळ.

एकच कोश ठेवायचा असेल, तर लिहिणाऱ्यानं ऑक्सफर्ड घ्यावा, बोलण्याचा सराव करणाऱ्यानं लाँगमन. कोबिल्ड दुसरा म्हणून जवळ असावाच. केंब्रिज पातळी पाहण्यापुरता.

मराठीकडून इंग्रजीकडे जायचं असेल, तर हे चौघे तोकडे पडतात. तिथे अजून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशच. 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. शोधताना फक्त मूळ शब्दावर न थांबता संपूर्ण मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडावा आणि 'डिसअपॉइंट' रोमन लिपीत टाकावं. ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आला आहे, ते शब्द हाती लागतात. तिथलं इंग्रजी दीडशे वर्षांहून जुनं आहे, म्हणून त्यातलं वाक्य जसंच्या तसं ई-मेलमध्ये उतरवू नये. तिथे मिळालेला इंग्रजी शब्द आधी कोबिल्डमध्ये घालून पाहावा.