त्रिफळा, इसबगोल की सोनामुखी: घरातल्या वयस्कर माणसाला काय द्यावं?

आमच्या आईचं वय 78, पोट साफ होत नाही ही तक्रार बरीच जुनी, त्यामुळे घरात यातलं सगळंच आणून झालंय. ठरवायच्या आधी एवढं विचारा की खडा होतोय की प्रेशरच येत नाहीये, कारण औषध त्यावर बदलतं.

खडा होत असेल तर माझ्या मते आधी इसबगोल. तसं हे मूळचं युनानीतलं, पण आता घरोघरी असतं. भुसा पाणी धरून फुगतो, मळ मऊ होतो, सवय लागत नाही, फक्त दोन-तीन दिवस धीर धरावा लागतो. आई काय करायची, अर्ध्या पेल्यात कालवून गप्पा मारत बसायची, तोवर त्याची खळ व्हायची, मग ती चमच्याने खायची आणि रात्री उठायला लागतं म्हणून वर पाणी पीतच नव्हती, त्याने पोट उलट जास्त गच्च झालं. कालवलं की लगेच प्यायचं, वर अजून एक ग्लास पाणी, आणि झोपताना नको, संध्याकाळी घ्यायचं. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. ज्यांना गिळताना ठसका लागतो किंवा हार्ट-किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांना हे देऊ नका.

त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. म्हातारपणी वात वाढतो, कोठा कोरडा पडतो असं आयुर्वेद मानतो, म्हणून वैद्य बरेचदा त्रिफळा कोमट पाण्यातून नाहीतर तुपासोबत देतात. अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, जास्त झालं की जुलाब होतात. चव तुरट, आईला चूर्ण जातच नाही म्हणून गोळ्या आणल्या. प्रेशर कमी येणाऱ्यांना मला हे बरं वाटतं.

सोनामुखी रात्री घेतली की सकाळी मोकळं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना तीच हवी असते, पण ती आतड्याला ढोसून हलवते, रोज घ्यायची वस्तूच नाही ती. पोटॅशियम कमी होऊ शकतं, त्यात लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर धोका. बाजारातल्या बऱ्याच तयार चूर्णांत हीच असते, वर मीठही, तेव्हा बीपीवाल्यांनी लेबल वाचाच.

एरंडेल, किंवा हिरडा एरंडेलात परतून केलेली गंधर्व हरीतकी, वैद्यांना विचारूनच. एरंडेलाने अचानक घाई होते आणि बाथरूमकडे पळताना पाय घसरला तर केवढ्याला पडेल!

आणि हो, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनीही मळ घट्ट होतो, ती यादी डॉक्टरांना दाखवा. रक्त पडतंय, वजन उतरतंय, त्रास हल्लीच सुरू झालाय, तर चूर्ण बाजूला ठेवून आधी तपासणी. पोट फुगून उलट्या होत असतील तर लगेच हॉस्पिटल.

आईचं सध्या संध्याकाळी सहाला इसबगोल आणि सकाळी चहानंतर कमोडवर, पायाखाली लाकडी पाट घेऊन दहा मिनिटं, असं चाललंय, सोनामुखीची डबी मी उचलून ठेवलीय.