ई-संजीवनी वापरायची असेल तर सब सेंटरातूनच वापरा (कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातून रिव्ह्यू)

आईला शुगर आणि बीपी दोन्ही आहे त्यामुळं हे लिहितोय. ई-संजीवनी म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारी सेवा, ती दोन तऱ्हेनं मिळते, एक म्हणजे घरी मोबाईलवर ॲप, ओटीपी टाका, टोकन घ्या, व्हिडिओवर डॉक्टर येणार, आणि दुसरी गावातल्या सब सेंटरात (आरोग्य उपकेंद्रात) सीएचओ मॅडमच्या, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी बाईंच्या टॅबवरून. दोन्ही फुकट, सरकारीच. मी दोन्ही वापरलंय आणि माझं मत दुसऱ्याला.

ॲपमध्ये आधी राज्य निवडायला लागतं. कर्नाटक निवडलं की डॉक्टर राज्यातला कुठलाही असू शकतो, आमचे डॉक्टर चांगले होते, शांतपणे विचारत होते, पण कन्नडात. आईचं कन्नड बाजारापुरतं, भाव करायला बास होतं, पण पाय कुठनं बधिर होतोय, चक्कर उठताना येते की बसल्या बसल्या, हे ती कसं सांगणार? मी मधे बसून सांगत होतो खरं, पण बाईमाणसाच्या काही तक्रारी मुलापुढं निघतच नाहीत हो. मॅडमना दोन्ही भाषा येतात. बीपी, शुगर आधी स्वतः बघतात, जुन्या गोळ्यांची पाकिटं बघतात, मग डॉक्टरांशी कन्नडात आणि आईशी मराठीत. आईनं त्यांना जे सांगितलं ते मला आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं.

आणि बेळगावची फेरी वाचते. 2023 पासून शक्ती योजनेत, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत एसटी प्रवासाच्या योजनेत, आईचं तिकीट फुकट आहे, पण सोबत जाणाऱ्या माझं तिकीट आणि दिवसाचा रोजगार जातोच की. चालू गोळ्या पुढं चालू ठेवायच्या का, डोस बदलायचा का, एवढ्यासाठी सगळा दिवस ओपीडीच्या लाईनीत कशाला घालवायचा.

एआयचं पण लोक विचारतात. ई-संजीवनीत आता लक्षणं ओळीनं विचारून डॉक्टरला काय असू शकेल ते सुचवणारी सिस्टीम आहे, निर्णय डॉक्टरचाच. पेशंटला त्यातलं फारसं दिसत नाही. मला जास्त भारी वाटतं ते टीबीचं, छातीचा एक्स-रे कॉम्प्युटरनं वाचून संशयित वेगळे काढायला जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्येच 15 वर्षांवरच्यांसाठी मान्यता दिली आणि डिसेंबर 2024 च्या 100 दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे मशीन गावोगावी नेली. तसंच शुगरवाल्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून पुढं पाठवायचं की नाही हे मशीन सांगू शकतं. ते आमच्या सब सेंटरला कधी येतंय ते बघायचं, कारण आईचे डोळे तपासायला अजून शहरच गाठायला लागतंय.

काय जमत नाही ते पण सांगतो. पोट दाबून बघायचं असेल, छातीला नळी लावून ऐकायचं असेल तर व्हिडिओचा उपयोग नाही. झोपेच्या गोळ्या वगैरे फोनवर लिहून देता येत नाहीत, 2020 चा नियमच आहे, त्यावरून मॅडमशी भांडू नका. कणकुंबीकडं, भीमगडच्या जंगलातल्या गावांत रेंजच नाही तर ॲप काय कामाचं. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, साप चावला तर टोकन काढत बसायचं नाही, सरळ 108.

आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख नंबर, काढून घ्या, 14 आकडी असतो, रिपोर्ट एका जागी राहतात म्हणे. राहतात, पण समोरच्यानं उघडले तर! बेळगावातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात नंबर दाखवला तर काउंटरवरच्यानं फाईल आणा म्हणून सांगितलं आणि त्याच तपासण्या परत करायला लावल्या, पैसे आमचेच. म्हणून चिठ्ठीची प्रिंट मारून पिशवीत ठेवा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण आमच्याकडं ही सगळी गाडी एका मॅडमवर चालते, उद्या त्यांची बदली झाली आणि नुसतं कन्नड येणारं कोण आलं तर आई परत "मला काय होत नाही" म्हणून घरीच बसणार.