ट्रेझोर, बर्लिन: जायचं ते तळघरासाठी

ट्रेझोर या बर्लिनच्या टेक्नो क्लबला गेलात तर आधी तळघर गाठा. वरचा ‘ग्लोबस’ हॉल चांगला आहे, तिथे हाउस हे टेक्नोपेक्षा मवाळ नाचाचं संगीत वाजतं, जरा मोकळं वाटतं. पण या क्लबचा जीव खाली आहे. तिकडे जायला एक लांबलचक काँक्रीटचा बोगदा आहे. धूर, मधूनच चमकून जाणारा दिवा आणि पुढून येणारा निव्वळ खर्ज. जसजसे पुढे जाल तसतसं त्या खर्जावर बाकीचं चढत जातं, आधी टाळीसारखा क्लॅप, मग हाय-हॅट म्हणजे जोडझांजेची टिकटिक. मी साउंड मिक्सिंगचं काम करते, दिवस कानांवरच जातो. तरी त्या बोगद्यात मुद्दाम मागे फिरले आणि पुन्हा चालत आले, ते चढत जाणं परत ऐकायला.

खालची खोली बुटकी आणि अंधारी. डीजे लोखंडी गजांच्या पलीकडे. गंजलेले लॉकर आहेत, ते सजावटीसाठी घडवलेले नाहीत. बर्लिनची भिंत पडून दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा म्हणजे १९९१ मध्ये डिमिट्री हेगेमान आणि मित्रमंडळींनी हा क्लब काढला तो वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जमिनीखालच्या तिजोरीत. २००५ मध्ये ती जागा सुटली. २००७ पासून क्लब क्योपेनिकर रस्त्यावरच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात आहे आणि तिजोरीतले लॉकर इथे सोबत आलेत. क्लबच्या लेबलची, म्हणजे त्याच्या रेकॉर्ड कंपनीची, पहिलीच रेकॉर्ड अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नो गटाची होती. ते नातं आजही वाजणाऱ्या संगीतात ऐकू येतं: कोरडं, वेगवान, गोडवा बेताचाच.

आता रात्रीबद्दल. पाया बहुतेक वेळ टीआर-९०९ च्या वळणाचा. रोलंडचं हे ड्रम मशीन १९८३ चं. त्याची किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, सर्किटमधून तयार होते, झांजा मात्र खऱ्या झांजांच्या रेकॉर्डिंगमधून घेतलेल्या. म्हणून किक गुळगुळीत आणि झांजा खरखरीत, आणि या खोलीत तो फरक स्वच्छ कळतो. पहाटेकडे डीजेने एका रेकॉर्डवरून दुसरीवर जाताना जे केलं ते सांगायलाच हवं. नव्या रेकॉर्डचा आधी फक्त हाय-हॅट आणला. जुनीचा बास थोडाथोडा काढत नेला. तो पूर्ण गेल्यावर नव्या रेकॉर्डचा बास लगेच सोडला नाही, अख्खी खोली ताटकळत ठेवली, नाचणारे पाय नुसत्या हाय-हॅटवर चालू. मग किक आली ती आधी पोटात जाणवली. माझ्या शेजारच्या उंच माणसाने डोळेसुद्धा उघडले नाहीत, नुसता हसला. एवढा धीर धरणारे डीजे मला फार भेटत नाहीत.

फोटो काढायचे नाहीत, आणि हा नियम मला मनापासून पटतो. कुणी फोनचा पडदा वर धरून उभं नाही, सगळ्यांचे हात मोकळे. मी एकटी होते, एकटीच नाचले, कुणी मध्ये आलं नाही. २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. या तळघरात एक रात्र काढल्यावर ती नोंद अगदी योग्य वाटते.

इअरप्लग मात्र न्याच, आणि फोमचे नकोत. ते वरचे सूर खाऊन टाकतात आणि सगळं घोंगडीखालून ऐकल्यासारखं होतं. संगीतकार वापरतात तसले फिल्टरवाले घ्या. कानांच्या सुरक्षेचा ढोबळ हिशेब असा: ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. क्लब कुठलाही असो, स्पीकरजवळ तेवढा आवाज सहज असतो.

ओळखपत्र ठेवा, कपडे घामाला चालतील असे घाला. टोळक्याने जाण्यापेक्षा एकट्याने किंवा दोघांनी जा. गाण्याला चाल आणि शब्द लागतातच अशी माणसं सोबत असतील तर त्यांना ग्लोबसमध्ये थांबू द्या आणि तुम्ही खाली जा. माझ्याकडून पाचपैकी पाच.