नॉइज घालवणारी डबी: मी फसलो, तुम्ही फसू नका

मी नवखा नाही. हौशी रेडिओचं (हॅम) लायसन्स घेऊन 11 वर्षं झाली. ॲटेन्यूएटर (सिग्नल, नॉइज सगळंच सारखं कमी करणारा भाग) म्हणजे काय हे परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मीच शिकवतो. म्हणूनच जास्त जळतंय.

बाल्कनीत मीटरभर व्यासाची मॅग्नेटिक लूप, म्हणजे कड्यासारखा अँटेना, आहे. 7 मेगाहर्ट्झवर घरातल्याच उपकरणांच्या नॉइजने, म्हणजे करकरीने, एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा रेडिओवरचा काटा) दिवसरात्र 8 वर. अशात एकाने डबी दाखवली: कोॲक्समध्ये (अँटेनाच्या केबलमध्ये) जोडा, घरचा नॉइज गायब. किंमत माझ्या महिन्याच्या पगाराचा बरोबर पाव हिस्सा. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे माल निघताना. दोन्ही हप्ते भरले.

त्याचा व्हिडिओ मी सहा वेळा पाहिला. डबी लावली आणि नॉइज 8 वरून 5 वर आला. मग स्टेशन बोलू लागलं. आधी ते 9 वर होतं, आता 6 वर. काटा माझ्या डोळ्यांसमोर होता! नॉइज तीन युनिट उतरला, तसा सिग्नलही तीनच. एका युनिटचे 6 डेसिबल धरले तर सरळ 18 डेसिबल ॲटेन्यूएशन. दोघांतलं अंतर होतं तेवढंच राहिलं. पण माझे कान त्या शांततेकडे लागले होते. महिनोन् महिने करकर ऐकलेल्या माणसाला ती शांतता काय वाटते, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

डबी उघडली. तीन रेझिस्टर आणि एक एलईडी. खऱ्या नॉइज कॅन्सलरला नॉइज उचलायला दुसरा अँटेना लागतो. त्या नॉइजची फेज आणि पातळी जुळवून तो वजा केला जातो. कॅन्सलर म्हणून विकतात आणि दुसऱ्या अँटेनाला सॉकेटच नाही? हात लावू नका.

विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. ग्राहक तक्रार केंद्रात गेलो, तर त्यांनी मलाच विचारलं, "दिवा लागतो ना? मग वस्तू चालू आहे." रेडिओ परवाना देणाऱ्या कार्यालयाने पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी परत ग्राहक केंद्राकडे. तिथे आता तज्ज्ञाचा अहवाल मागतात. तीन रेझिस्टर मोजायला तज्ज्ञ? मी मोजून, फोटो काढून दिले, तर म्हणे तक्रारदाराचं मोजमाप चालत नाही. पेमेंट कंपनीने मुदत संपल्याचं कळवलं. मुदत संपली ती यांच्याच दारात चकरा मारताना! पाच ईमेल, चार चकरा, आणि एकानेही ती डबी हातात घेऊन पाहिली नाही.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. रेडिओ बॅटरीवर घेतला, घराचा मेन स्विच बंद केला. मीटर 3 वर. मग एकेक एमसीबी चालू करत गेलो. चोर निघाला राउटरचा अ‍ॅडॉप्टर. तो बदलला, उरलेल्या वायरींना नॉइज अडवणाऱ्या फेराइट रिंगमधून सात-आठ वेढे दिले. नुसती एकदा ओवलेली रिंग एचएफवर (7 मेगाहर्ट्झ त्यातच येतं) फार काही करत नाही. लूप फिरवूनही पाहा. तिच्या कड्याच्या प्रतलाला काटकोनात नल (जिकडून सगळ्यात कमी ऐकू येतं ती दिशा) असतो, तो नॉइजकडे वळवा.

तक्रार अजून प्रलंबित आहे. डबी उघडीच ठेवली आहे. कोणी तशीच घ्यायच्या विचारात असेल तर आधी माझ्याकडून फोटो मागून घ्या.