रविवारचा क्लास अन एकदाचं समजलेलं लेव्हरेज

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या तालुक्याला बसस्टँडमागं हा क्लास आहे, फक्त रविवारी, महिन्याचे १२०० रुपये. मी जिनिंगमध्ये हिशेबाला आहे अन एमकॉम बाहेरून करतोय, लेव्हरेज फायनान्समध्येही होतं अन स्टॅटिस्टिक्समध्येही, दोन्ही पाठ करून दोन्हीत गोंधळलो म्हणून गेलो.

सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर फॉर्म्युला लिहिलाच नाही. विचारलं, "काहून बाप्पा, बंडीचं चाक चिखलात फसलं तर सब्बल कुठून धरता, जवळून का लांबून?" लांबून धरलं की थोड्या जोरात मोठं वजन हलते, पण ते कोणत्या बाजूनं कलंडंल हे सब्बल नाही सांगत. माझ्यासाठी पूर्ण फी या एका वाक्यात वसूल झाली.

मग जिनिंगचंच गणित घेतलं. विक्रीतून कापूस खरेदीसारखा बदलता खर्च वजा करून उरले ४० लाख, पगार, घसारा, विमा असा कायमचा खर्च २४ लाख, म्हणजे व्याजाआधीचा नफा १६ लाख, त्यातून बँकेचं व्याज ८ लाख. ऑपरेटिंग लेव्हरेज ४० भागिले १६ म्हणजे अडीच, फायनान्शियल १६ भागिले ८ म्हणजे दोन, गुणले की पाच, म्हणजे विक्री जेवढे टक्के हलंल त्याच्या पाचपट टक्के शेवटचा नफा हलते. आता विक्री १० टक्के पडली तर ४० चे ३६ होतात, पण चौकीदाराचा पगार अन बँकेचं व्याज तेवढंच राहते, म्हणून हातात ८ च्या जागी ४ लाख, सरळ अर्धे! अन विक्री तेवढीच वाढली तर १२. मी रोज हेच आकडे लिहितो पण मले कधी असं दिसलंच नव्हतं.

स्टॅटिस्टिक्ससाठी पाच शेतकरी घेतले, जमीन २, ३, ४, ५ अन २६ एकर, त्यावरून उत्पन्नाची रेघ काढायची. सरासरी ८ एकर, २६ वाला सगळ्यात लांब. इथं लेव्हरेज म्हणजे एखादा बिंदू सरासरीपासून किती लांब आहे याचा आकडा, त्याचं ०.९९. पाचहींची बेरीज २ येते कारण रेघेला दोनच गोष्टी लागतात, चढ अन सुरुवात. सरासरी ०.४, तिच्या दुपटीवर म्हणजे ०.८ च्या वर गेलं की त्या बिंदूकडं नीट पाहायचं. अन खरी गंमत म्हणजे कापूस किती पिकला हे विचारायच्या आधीच हा आकडा निघतो, फक्त जमिनीवरून! त्याचं उत्पन्न बाकीच्यांच्या चालीतच असंल तर रेघ जागची हलत नाही, नसंल तर तो एकटा रेघ आपल्याकडं ओढून नेतो. ओढलं किती ते मोजायला कूकचं अंतर, १९७७ चं. सरांनी हेही बजावलं की शब्द एक असला तरी फॉर्म्युले एकमेकांत मिसळू नका, तिकडं कायमचा खर्च असते अन इकडं सरासरीपासूनचं अंतर.

आता खटकलं ते. झेरॉक्स नोट्समध्ये स्टॅटिस्टिक्सवाल्या लेव्हरेजच्या फॉर्म्युल्यातला पहिला भाग, एक भागिले एन (एन म्हणजे एकूण बिंदू, इथं पाच), छापायचाच राहिला. मी घरी रात्री दोन तास बसलो, बेरीज दोनच्या ऐवजी एकच यायची, वाटलं माझंच चुकते. पुढच्या रविवारी दाखवलं तर सरांनी लगेच फळ्यावर दुरुस्त केलं, पण मागच्या बॅचचे पोट्टे तेच चुकीचं घेऊन पेपरला गेले असतील याचं वाईट वाटते. दुसरं म्हणजे मोदिग्लियानी-मिलर, म्हणजे कर्ज अन कंपनीची किंमत यावरचा या दोन अर्थशास्त्रज्ञांचा सिद्धांत, दहा मिनिटांत उरकलं. टॅक्स नसला तर कर्जानं कंपनीची एकूण किंमत बदलत नाही हे १९५८ चं म्हणणं, अन व्याजावर टॅक्स वाचते हे १९६३ मध्ये धरलं, यामधी काय घडलं ते जिनिंगच्या आकड्यात दाखवायला पाहिजे होतं. मी तसं सरांना सांगितलंय.

पंखा एकच आहे, उन्हाळ्यात समोरच्या बाकावर बसा. साधा कॅल्क्युलेटर आणा, मोबाईलवर गणित करू देत नाहीत. अन संध्याकाळची शेवटची एसटी पकडायची असली तर सरांना आधी सांगून ठेवा, ते मधातून सोडतात.