प्रदर्शनातले ‘शंभर टक्के सिलिकॉन’चे साचे: घेण्याआधी हे वाचा

गणपतीच्या तोंडावर बडोद्यात गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शनं लागतात. यंदा अशाच एका प्रदर्शनात ‘शंभर टक्के फूड ग्रेड सिलिकॉन’ म्हणून मोदकाचे आणि केकचे साचे, भांड्यांची झाकणं आणि कुकरच्या रिंगा विकल्या गेल्या. त्या पाकिटांत सिलिकॉन नाही. तो माल माझ्या घरात आहे, दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांत आहे, आणि काही जणी तो अजून वापरत असतील. विक्रेता दिवाळीला दुसऱ्या गावात टेबल लावेल, अशी मला भीती आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी घरून केक, नानखटाई आणि मोदकांच्या ऑर्डरी घेते. यंदा रवा-खव्याचे भाजलेले मोदक करायचे होते आणि त्यासाठी ओव्हनमध्ये चालतील असे साचे हवे होते. टेबलामागचा माणूस बोलायला गोड, त्यात मराठी बोलणारा. बडोद्यात अनोळखी विक्रेता मराठीत बोलला की आपण लगेच ‘कुठले तुम्ही?’ विचारतो, आणि तिथेच निम्मा व्यवहार होऊन जातो. त्याने लाल रंगाचा साचा उचलला, खालून लायटरची ज्योत धरली. साचा वितळला नाही. मुठीत चुरगाळून सोडला, तो होता तसा झाला. मग पीळ देऊन म्हणाला, “बघा ताई, पांढरी रेघ आली तर भेसळ. आली का?” आली नव्हती. हे सगळं खरं होतं, कारण तो लाल साचा खरा होता.

पैसे दिल्यावर त्याने टेबलाखालच्या खोक्यातून सीलबंद पाकिटं काढली. उघडून बघू दिली नाहीत. सील तुटलं की माल परत विकता येत नाही म्हणाला. साडेचार हजार रुपये झाले. बिल मागितलं तर कार्डाच्या पाठीमागे रक्कम लिहून दिली. क्यूआर कोडवर आलेलं नाव कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं. विचारलं तर “भावाचं खातं आहे” म्हणाला.

सुरुवातीला काहीच बिघडलं नाही. या फसवणुकीतली सगळ्यात वाईट गोष्ट मला हीच वाटते. चॉकलेटचे मोदक फ्रीजमध्ये छान सेट झाले, अलगद निघाले. वाफेवरही साचे टिकले. बहुतेक घरांत असे साचे बर्फ, चॉकलेट, फार तर इडलीपात्रापुरते वापरले जातात, त्यामुळे खोटा माल वर्षानुवर्षं उघडा पडत नाही. ओव्हन १८० अंशांवर लावला तेव्हा मात्र दहा मिनिटांत स्वयंपाकघरात जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला. साच्याच्या कळ्या मऊ पडून एकमेकींना टेकल्या होत्या, मोदकाची टोकं आत चिकटली होती आणि साच्याचा आतला भाग बोटाला चिकट लागत होता. नैवेद्यासाठी केलेला तो सगळा घाणा टाकून द्यावा लागला. ज्यांच्या ऑर्डरी होत्या त्यांचे पैसे परत केले. खव्याचं नुकसान भरून निघेल, पण लहान मुलांच्या पोटात जाणाऱ्या पदार्थाशी असा खेळ करणाऱ्याबद्दलचा माझा संताप अजून गेलेला नाही.

आमचे काकासासरे इथल्या पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत होते. त्यांनी साचा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, “अगं, हे सिलिकॉन नाहीच. आण कात्री.” त्याच सुमारास शेजारच्या वहिनींनी त्यांचा साचा आणून दिला. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, आवराआवर चालू असताना, त्यांनी हट्टाने टेबलावरचा तोच लाल साचा घेतला होता. त्यामुळे खरा आणि खोटा माल आमच्यापुढे शेजारी शेजारी आला.

काकांनी दोन्हींच्या कडेच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि गच्चीवर चिमट्यात धरून पेटवल्या. माझ्या साच्याच्या पट्टीने लगेच पेट घेतला, काळा धूर निघाला, वितळलेले थेंब टपटप खाली पडले आणि ज्योत बाजूला केली तरी ती जळतच राहिली. वहिनींच्या साच्याची पट्टी सावकाश पेटली, पांढुरका धूर निघाला, थेंब एकही पडला नाही. विझल्यावर चिमट्यात पांढरी भुकटी उरली. ती भुकटी म्हणजे सिलिका, वाळूत असते तीच.

साध्या प्लॅस्टिकचा कणा कार्बनच्या साखळीचा असतो. साच्यांच्या सिलिकॉनचा (इंग्रजीत silicone) कणा सिलिकॉन नावाचंच मूलद्रव्य (silicon) आणि ऑक्सिजन यांच्या आळीपाळीच्या साखळीचा. काच आणि वाळू ज्या बंधावर उभी असते तोच हा बंध, आणि तो उष्णतेला सहज दाद देत नाही. साखळीला बाहेरून मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे पुंजके, लागलेले असतात. त्यांच्यामुळे पाणी चिकटत नाही, पदार्थही सुटून येतो. कारखान्यात या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडतात, म्हणून सिलिकॉनचं रबर एकदा तयार झालं की पुन्हा वितळत नाही. साधारण उणे ५० ते २०० अंशांच्या थोडं वरपर्यंत ते लवचिक राहतं. म्हणूनच बाळाच्या बाटलीचं बूच, ओव्हनच्या दाराची पट्टी, खिडकीच्या काचेभोवतीचा सीलंट इतक्या निरनिराळ्या ठिकाणी ते चालतं. चंद्रावर उमटलेल्या बुटांचे तळवेही सिलिकॉन रबराचेच होते, हे काकांनी अभिमानाने सांगितलं, जणू ते बूट त्यांच्याच खात्यातून गेले होते. मला विकलेला माल मात्र थर्मोप्लास्टिक जातीचा, गरम केला की मऊ पडणारा आणि गार झाला की पुन्हा घट्ट होणारा. हाताला तो हुबेहूब सिलिकॉनसारखा लागतो.

आता त्या पीळ देण्याच्या परीक्षेबद्दल. ती सगळीकडे सांगितली जाते, आणि विक्रेत्याने तिचाच फायदा घेतला. खडूसारखी स्वस्त भर घातलेलं सिलिकॉन पिळल्यावर पांढरं पडू शकतं, हे खरं. पण थर्मोप्लास्टिक पिळल्यावर पांढरं पडेलच असं नाही. माझ्या खोट्या साच्यावर आजही पांढरी रेघ येत नाही. ही परीक्षा सिलिकॉनमधली भर ओळखायला थोडीफार उपयोगी. समोरची वस्तू सिलिकॉन आहे की नाही, हे तिने कळत नाही. पाण्याची परीक्षा मला जास्त आवडली. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे लहान तुकडा पाण्याखाली दाबून त्यावरचे बुडबुडे पुसले की तो तळाशी राहतो. माझ्या साच्याचा तुकडा वर तरंगला. मात्र मऊ पीव्हीसीही बुडतं, म्हणून नुसतं बुडलं यावर निर्धास्त राहू नये. जाळून बघायचं तर अगदी छोटा तुकडा, उघड्यावर, धूर नाकात जाणार नाही असा; पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो.

पाकीट नीट वाचलं तेव्हा आणखी गोष्टी दिसल्या. ‘एफडीए अप्रूव्हड’, ‘एफएसएसएआय अप्रूव्हड’, ‘बीपीए फ्री’ असं ठळक छापलं होतं आणि खाली १४ आकडी नंबर. तो १४ आकडी नंबर एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, खाद्यपदार्थांच्या व्यवसायाच्या परवान्याचा असतो. साच्यावर तो छापला म्हणून साचा तपासला गेला असं होत नाही. बीपीए हे काही कडक प्लॅस्टिकांत वापरलं जाणारं रसायन; ते सिलिकॉन बनवताना लागतच नाही, त्यामुळे ते नसण्याने काहीही सिद्ध होत नाही. याउलट जे असायलाच हवं ते गायब होतं. २०११ च्या वेष्टित मालाच्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादक, आयातदार किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. माझ्या पाकिटावर किंमत सोडून यातलं काही नाही. पाकिटावर पत्ता नसेल तर प्रात्यक्षिक कितीही चांगलं झालं तरी घेऊ नका. आणि टेबलावर जी वस्तू दाखवली तीच मागा, किंवा पाकीट समोर उघडून तिच्याशी ताडून बघा. खऱ्या सिलिकॉनला जवळजवळ वास नसतो. उघडताक्षणी उग्र वास आला तर तिथेच परत करा.

कुकरच्या रिंगांबद्दल जास्त काळजी वाटते. एका मावशींनी त्याच टेबलावरून ‘कायम टिकणारी’ रिंग घेतली. कुकरमध्ये दाब असताना तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. थोड्याच दिवसांत रिंग सैल पडून लांबली आणि शिट्टीऐवजी झाकणाच्या कडेने वाफ यायला लागली. त्या वाफेने हात भाजता भाजता राहिला. रिंग कुकरच्या कंपनीचीच, त्या मॉडेलची घ्या. कोणतीही रिंग कायम टिकत नाही. कडक झाली, चिरली किंवा सैल पडली की बदलावीच लागते.

त्या लायटरच्या खेळाने आणखी एक गैरसमज पसरतो. खरं सिलिकॉनसुद्धा गॅसच्या ज्योतीवर किंवा तापल्या तव्यावर ठेवायचं नसतं. साचा ट्रेवर ठेवून ओव्हनमध्ये सरकवावा, त्यात सुरी चालवू नये. चांगले उत्पादक माल आधीच काही तास २०० अंशांवर तापवतात, म्हणजे आतली उडून जाणारी द्रव्यं निघून जातात. जर्मनीत तर ४ तास २०० अंशांवर तापवून वजनात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त घट येऊ नये, अशी मर्यादा घातलेली आहे.

कार्डावरचा फोन बंद आहे. प्रदर्शनवाल्यांनी आधी ‘आम्ही फक्त जागा भाड्याने देतो’ म्हणून हात वर केले. लेखी अर्ज दिल्यावर टेबल घेणाऱ्याचा पत्ता दिला. त्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र परत आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पोटापाण्यासाठी स्वतः घरगुती धंदा करणारीही ग्राहकच धरली जाते.

ज्यांनी हा माल घेतला आहे त्यांनी तो ओव्हनमध्ये आणि कुकरमध्ये वापरणं आजच थांबवा, पण फेकून देऊ नका. साचा, पाकीट, कार्ड आणि यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा. प्रदर्शनवाल्यांकडे स्वतंत्र अर्ज द्या. एकाच टेबलाबद्दल अनेक अर्ज आले तर त्यांनाही पुढच्या वर्षी त्या माणसाला जागा देताना विचार करावा लागेल.